संग्रहालयात आपला कलावंत बोलतो तेव्हा : कलावंत-संवादाची ओळख आणि आपली जबाबदारी

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. तिथल्या काचेच्या कपाटांत मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. वेगवेगळ्या जातींचे, धर्मांचे आणि व्यवसायांचे लोक त्यांच्या पेहरावात आणि पागोट्यांत उभे आहेत. इंग्रज अमलात 'इथले लोक कसे आहेत' हे समजावून सांगण्यासाठी ही मांडणी झाली. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या मुलींना घेऊन मी तिथे गेले होते. नववीतली एक मुलगी एका बाहुलीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, हिचं नाव काय होतं?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. ती बाहुली कुणा एका बाईची नव्हतीच. ती एका समाजाचा 'नमुना' होती आणि नमुन्याला नाव लागत नाही. त्याला फक्त जात लागते, धंदा लागतो आणि बघणारा लागतो.

आज परिस्थिती बदलते आहे. ज्या समाजांना संग्रहालयाने कपाटातला नमुना म्हणून पाहिले, त्याच समाजांतून आलेले चित्रकार, शिल्पकार आणि छायाचित्रकार संग्रहालयांच्या व कलादालनांच्या सभागृहांत माईक हातात घेऊन आपल्या कामाबद्दल बोलू लागले आहेत. या कार्यक्रमांना कलावंत-संवाद म्हणतात. आपल्या तरुणांपैकी फार थोडे तिथे जातात. हा प्रकार काय आहे, तिथे काय घडते, आपले कोणते कलावंत काय मांडत आहेत आणि कार्यकर्ता म्हणून आपण तिथे काय करायचे, याची ओळख करून देण्यासाठी हा लेख.

कलावंत-संवाद म्हणजे काय?

प्रदर्शन भरले की त्याला जोडून संग्रहालय किंवा कलादालन कलावंताला बोलावते. याचे साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला प्रकार फेरफटक्याचा. कलावंत स्वतः दालनातून फिरत एकेका कामासमोर थांबतो आणि ते कसे घडले ते सांगतो. दुसरा प्रकार मुलाखतीचा. समोर क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची निवड व मांडणी करणारी व्यक्ती, किंवा एखादा अभ्यासक असतो. तिसरा प्रकार परिसंवादाचा, ज्यात तीन-चार कलावंत एका विषयावर बोलतात. शेवटी श्रोत्यांचे प्रश्न घेतले जातात.

वरवर पाहता हा साधा कार्यक्रम वाटतो, पण त्यात सत्तेचा एक प्रश्न दडलेला असतो. संग्रहालयात एखाद्या वस्तूचा अर्थ कोण ठरवते? बहुतेक वेळा भिंतीवरचा मजकूर आणि वस्तूशेजारची चिठ्ठी ठरवते. ती चिठ्ठी कुणी लिहिली, कोणत्या भाषेत लिहिली, तिच्यात काय गाळले, हे बघणाऱ्याला कळत नाही. तो चिठ्ठी वाचतो आणि पुढे जातो. कलावंत-संवादात ही चिठ्ठी क्षणभर बाजूला पडते. काम करणारा माणूस स्वतः सांगतो की हे मी का केले.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा इतिहास या दृष्टीने बघण्यासारखा आहे. त्याची इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. गोव्यातील मांद्रे इथे जन्मलेले भाऊ दाजी मुंबईतले नामवंत डॉक्टर होते. बौद्ध तरुणांनी त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेख वाचून त्यांचा अर्थ लावणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय अभ्यासकांत ते होते. २००३ नंतर इमारतीचे मोठे नूतनीकरण झाले आणि २००८ मध्ये ती पुन्हा उघडली. त्यानंतर या संग्रहालयाने आजच्या कलावंतांना बोलावून जुन्या संग्रहाला आपल्या कामातून उत्तर द्यायला सांगितले. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, अतुल दोडिया अशा कलावंतांची प्रदर्शने तिथे झाली. जुन्या कपाटांशेजारी आजचा कलावंत उभा राहिला की कपाटाकडे बघण्याची नजर बदलते. आपला प्रश्न याच्या पुढचा आहे. त्या मातीच्या बाहुल्यांच्या नातवंडांपैकी कोण तिथे बोलणार?

लेण्यांमधली सही

बौद्ध परंपरेला हा प्रश्न नवा नाही. कलावंताने स्वतःचे नाव सांगावे, ही गोष्ट आपल्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वी घडलेली आहे.

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक लेख आहे. धेनुकाकट या गावच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याची नोंद त्यात आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरा लेण्यात सापडलेल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. तो कान्हदास नावाचा सोनार होता. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी हे कोरीवकाम केले, अशी नोंद आहे.

सुतार, सोनार, हस्तिदंताचे कारागीर हे सगळे हाताने काम करणारे लोक. राजाच्या आणि श्रेष्ठीच्या दानाशेजारी त्यांची नावे दगडात आली. पुढे वर्णव्यवस्थेने हाताचे काम हलके ठरवले. कारागिराचे नाव पुसले गेले आणि उरली ती जात. इंग्रजांच्या काळात त्याच जातीची मातीची बाहुली झाली. कार्ल्याच्या दाराशी नाव असलेला सुतार आणि काचेच्या कपाटात नाव नसलेला नमुना, या दोन टोकांमध्ये आपला सगळा सांस्कृतिक इतिहास येतो. बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिक काढले तेव्हा त्याचे नाव 'मूकनायक' ठेवले. ज्यांना बोलू दिले गेले नाही त्यांचा आवाज, हा त्या नावाचाच अर्थ होता. कलावंत-संवादाकडे आपण याच रांगेतली एक जागा म्हणून बघायला हवे.

संग्रहालयालाच आरसा : अमेरिकेतील दोन उदाहरणे

दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. कलेच्या क्षेत्रातही तिकडचे दोन प्रसंग आपल्याला शिकवण देणारे आहेत.

जेम्स लूना हा कॅलिफोर्नियातील लुइसेन्यो या मूलनिवासी समाजाचा कलावंत. १९८७ साली सॅन डिएगोच्या एका मानववंशशास्त्रीय संग्रहालयात तो स्वतः प्रदर्शनाच्या पेटीत वाळूवर झोपला. अंगावर फक्त कमरेचे वस्त्र. शेजारी चिठ्ठ्या लावल्या होत्या, त्यांत त्याच्या अंगावरच्या जखमांच्या खुणांची माहिती होती. लोक आले, वस्तू समजून निरखू लागले आणि मग त्यांच्या लक्षात आले की ही 'वस्तू' श्वास घेते आहे आणि आपले बोलणे ऐकते आहे. मूलनिवासी समाज म्हणजे संपून गेलेली गोष्ट, हा संग्रहालयाचा समज त्याने एका कृतीने उघडा पाडला.

दुसरा कलावंत फ्रेड विल्सन. १९९२ मध्ये बाल्टिमोर शहरातील मेरिलँड हिस्टॉरिकल सोसायटीने त्याला आपले गोदाम उघडून दिले. त्याने बाहेरून एकही नवी वस्तू न आणता फक्त मांडणी बदलली. श्रीमंतांच्या घरातली नक्षीदार चांदीची भांडी एका कपाटात होती, त्यांच्या मधोमध त्याने गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या ठेवल्या. चिठ्ठीवर एवढेच लिहिले की हे अमुक काळातले धातुकाम आहे. दोन्ही वस्तू त्याच संग्रहातल्या होत्या, फक्त एक दालनात होती आणि दुसरी गोदामात. दुसऱ्या ठिकाणी त्याने प्रसिद्ध गोऱ्या पुरुषांच्या अर्धपुतळ्यांसमोर रिकामे चौथरे उभे केले. त्यांवर नावे होती हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस आणि बेंजामिन बॅनेकर यांची. मेरिलँडच्या मातीतली ही मोठी कृष्णवर्णीय माणसे, पण संग्रहात त्यांचा पुतळा नव्हता.

आता हीच पद्धत आपल्याकडे लावून पाहा. आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयात तलवारी, पैठण्या आणि पितळी भांडी असतात. गावकुसाबाहेरच्या माणसाची काठी, घुंगरू, झाडू, मडके तिथे आहे का? असेल तर कोणत्या नावाने आहे? नसेल तर रिकामा चौथरा कुणाच्या नावाने मागायचा?

आपले कलावंत काय मांडत आहेत?

इथे थोड्या कलावंतांची ओळख देत आहे. ही यादी पूर्ण नाही. यातील प्रत्येकाची जात शोधत बसण्याचेही कारण नाही. त्यांचे विषय आपल्या जगण्याशी जोडलेले आहेत, हे पुरेसे आहे.

सवि सावरकर : नागपूरचे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले आणि पुढे दिल्लीच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, पुरोहित अशा प्रतिमा त्यांनी ठसठशीत रेषेत आणल्या. आधुनिक भारतीय चित्रकलेत जात हा विषय थेट घेणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांचे नाव घ्यावे लागते.

सुधारक ओलवे : छायाचित्रकार, २०१६ मध्ये पद्मश्री. मुंबईच्या सफाई कामगारांची त्यांनी वर्षानुवर्षे काढलेली छायाचित्रे गटारात उतरणाऱ्या माणसाला शहरासमोर उभे करतात. या छायाचित्रांत कामगार काम करताना दिसतो, तसा घरात आणि कुटुंबातही दिसतो.

राज्यश्री गुडी : पुण्याच्या. फर्ग्युसनमध्ये समाजशास्त्र आणि मँचेस्टरला दृश्य मानववंशशास्त्र शिकल्या. दलित आत्मकथनांत अन्नाचे, भुकेचे, उष्ट्याचे जे उल्लेख येतात, ते त्यांनी पाककृतींच्या रूपात मांडले. वाचणारा पाककृती समजून वाचू लागतो आणि भूक त्याच्या ताटात येते. महाडच्या सत्याग्रहानंतर सनातन्यांनी चवदार तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतल्या होत्या. तो संदर्भ घेऊन त्यांनी पंचगव्याच्या १०८ पेल्यांची मांडणी केली आणि पाण्याची जात कोणती, असा प्रश्न कामाच्या नावातच विचारला. मनुस्मृतीच्या प्रतींचा लगदा करून त्यातून नवे काम घडवणे, हीही त्यांची एक पद्धत. १९२७ च्या दहनाशी त्याचे नाते सांगायला नको.

प्रभाकर कांबळे : कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले. मडक्यांवर मडकी रचून केलेली त्यांची शिल्पे 'उतरंड' या नावाने ओळखली जातात. आपल्या घरात उतरंड होती आणि समाजातही आहे. वरचे मडके खालच्यावर टेकते, प्रत्येकाच्या वर कुणीतरी आणि खाली कुणीतरी. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता समजवायला यापेक्षा सोपे रूप कोणते? कांबळे प्रदर्शनांचे संयोजनही करतात. म्हणजे बाकीच्या कलावंतांना भिंत मिळवून देण्याचे कामही ते करतात.

अमोल पाटील : मुंबईच्या चाळीत वाढलेले. आजोबांचा पोवाडा, वडिलांची कामगार रंगभूमी आणि सफाई कामगारांचे जग त्यांच्या कामात येते. जर्मनीतील कासेल इथे दर पाच वर्षांनी भरणाऱ्या डॉक्युमेंटा या जगप्रसिद्ध प्रदर्शनात २०२२ साली ते होते. २०२३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले.

मालविका राज : बिहारच्या. मधुबनी शैलीत परंपरेने रामायणाचे प्रसंग आणि देवदेवता येतात. त्याच शैलीत त्यांनी बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे जीवन रंगवले. शैली जुनी ठेवून नायक बदलणे, ही साधी गोष्ट नाही. ही शैली कुणाची, असा प्रश्न त्यातून उभा राहतो.

विक्रांत भिसे : मुंबईचे चित्रकार. दलित पँथर, नामांतराचा लढा, निळ्या झेंड्यांची गर्दी हे आपल्या आठवणीतले प्रसंग त्यांच्या कागदावर आणि कॅनव्हासवर आले आहेत. ज्या आंदोलनांची छायाचित्रे फारशी जपली गेली नाहीत, त्यांची दृश्य नोंद यातून होते.

या सगळ्यांत एक समान गोष्ट दिसते. झाडू, मडके, पाणी, भाकरी, चाळ, मोर्चा या वस्तू आणि जागा आपल्या घरातल्या आहेत. प्रस्थापित कलाविश्वाने त्यांना कधी विषय मानले नव्हते. आणि मानले तेव्हा ते दयेचे विषय होते. इथे त्या पुराव्यासारख्या समोर येतात.

दाखवले म्हणजे न्याय झाला का?

२०२२ मध्ये बर्लिनमध्ये बारावे बिएनाले भरले. फ्रेंच-अल्जेरियन कलावंत कादर अटिया त्याचे क्युरेटर होते. वसाहतवादाच्या जखमा हा विषय होता. प्रभाकर कांबळे यांचे काम तिथे होते. मूळच्या गोव्याच्या मयुरी चारी यांनी शेणाच्या गोवऱ्यांची भिंत उभी करून स्त्रीच्या देहावरच्या मालकीचा प्रश्न मांडला होता. वीटभट्टी मजुरांवर काम करणारे बिरेंदर यादवही होते. आपल्याकडचे विषय युरोपच्या मध्यभागी पोचले, ही मोठी गोष्ट होती.

पण त्याच प्रदर्शनात दुसरा एक प्रसंग घडला. इराकमधील अबू घरेब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी कैद्यांचा छळ केला होता. त्याची छायाचित्रे मोठी करून एका फ्रेंच कलावंताने चक्रव्यूहासारखी मांडणी केली होती. तिच्या जवळच इराकी कलावंतांची कामे लावली गेली. त्यांची संमती घेतली नव्हती. इराकी लोकांच्या छळाची छायाचित्रे त्या लोकांना न विचारता पुन्हा दाखवणे हा दुसरा छळ आहे, असा आक्षेप घेतला गेला आणि तीन इराकी कलावंतांनी आपले काम काढून घेतले. अत्याचाराला वाचा फोडण्याचा हेतू होता, तरी ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांना विचारले गेले नाही.

हा प्रसंग वाचताना मला आपले मोबाईल आठवतात. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यानंतर मृतदेहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्यामुळे लोक जागे झाले, रस्त्यावर उतरले, हे खरे आहे. दडपले जाणारे प्रकरण उघडे करायला तेव्हा दुसरा मार्ग होता का, हा प्रश्नही प्रामाणिक आहे. पण आज प्रत्येक अत्याचारानंतर पीडितेचा फोटो ग्रुपवर टाकताना आपण किती वेळ थांबतो? कुटुंबाला विचारतो का? त्या मुलीची ओळख जगाच्या लेखी फक्त तो एक फोटो राहणार आहे, हे लक्षात घेतो का? मातीच्या बाहुलीला नाव नव्हते म्हणून आपल्याला राग येतो. मग आपण स्वतः कुणाला फक्त 'अत्याचारग्रस्त' हा नमुना बनवत तर नाही ना, हेही तपासायला हवे. कलावंत या प्रश्नावर वर्षानुवर्षे विचार करतात. त्यांच्याकडून कार्यकर्त्यांनी शिकावे अशी ही पहिली गोष्ट आहे.

तीन अडचणी

पहिली अडचण दाराची आणि भाषेची. एका कलादालनाच्या दारावर आमच्यातल्या मुलाला "काम काय आहे?" असे विचारले गेले. शेजारून आत गेलेल्या जोडप्याला विचारले गेले नाही. मुलगा परत फिरला. खरे म्हणजे बहुतेक खासगी कलादालनांत प्रवेश मोफत असतो आणि कुणीही जाऊ शकते, पण हे आपल्या मुलांना कुणी सांगितलेले नसते. आत गेल्यावर कार्यक्रम इंग्रजीत असतो. कलावंत मराठीत विचार करतो, मराठीत भांडतो, आणि माईकसमोर त्याला परक्या भाषेत आपल्या आईच्या झाडूबद्दल बोलावे लागते. ज्यांच्याबद्दल काम आहे त्यांना ते ऐकता येत नाही.

दुसरी अडचण शिक्क्याची. 'दलित कलावंत' असे म्हटले की त्याच्याकडून फक्त वेदनेची अपेक्षा केली जाते. त्याने निसर्गचित्र काढले किंवा अमूर्त रंगकाम केले, तर 'तुमचा विषय कुठे गेला' असे विचारले जाते. सवर्ण कलावंताला त्याच्या जातीबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून काही कलावंत हे नाव नाकारतात. काहीजण मुद्दाम धारण करतात, कारण नाव गाळले की जातही लपते आणि जात लपवण्याचा फायदा ती लादणाऱ्यालाच होतो. दोन्ही भूमिकांना कारणे आहेत. कोणती घ्यायची ते कलावंताने ठरवावे. आपण त्याच्यावर 'समाजाला विसरला' असा शिक्का मारण्याची घाई करू नये.

तिसरी अडचण दिनदर्शिकेची. एप्रिल आणि डिसेंबरमध्ये आपल्या कलावंतांना बोलावणी येतात, बाकीचे दहा महिने शांतता. पाहुणा म्हणून बोलावणे आणि कायमच्या संग्रहात काम घेणे यांत मोठा फरक आहे. भाषण संध्याकाळी संपते. संग्रहात गेलेले काम पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांनाही दिसते. शिवाय काय घ्यायचे ते ठरवणाऱ्या समितीत, शिक्षण विभागात आणि क्युरेटरच्या खुर्चीत आपली माणसे किती, हा प्रश्न आरक्षणाच्या कोणत्याही प्रश्नाइतकाच गंभीर आहे.

ऐकायला जाताना

वस्तीतल्या मुलामुलींसोबत फिरताना ज्या गोष्टी उपयोगी पडल्या, त्या अशा :

आधी काम बघा, मग चिठ्ठी वाचा. पाच मिनिटे एका कामासमोर उभे राहा. आपल्याला काय आठवते ते वहीत लिहा. 'मला कलेतले कळत नाही' असे म्हणू नका. उतरंड, चूल आणि झाडू आपल्याला क्युरेटरपेक्षा जास्त कळतात.

एकटे जाऊ नका, पाच-सहा जण जा. दारावरचा संकोच गटात कमी होतो आणि परतीच्या लोकलमध्ये चर्चा होते.

प्रश्न मराठीत विचारा. कलावंत मराठी असेल तर त्याला बरेच वाटते. नसेल तर कुणीतरी भाषांतर करते. पहिल्यांदा सभागृहात हात वर करायला धीर लागतो, म्हणून प्रश्न आधीच लिहून न्या.

कोणते प्रश्न? हे साहित्य का निवडले? हे काम आधी कुणाला दाखवले, घरच्यांना की दालनाला? ज्यांचे फोटो किंवा वस्तू यात आहेत त्यांना हे दाखवले का, ते काय म्हणाले? हे काम पुढे कुठे जाणार आहे? आणि संग्रहालयाला एक प्रश्न नक्की विचारा : तुमच्या कायमच्या संग्रहात आमचे काय आहे आणि त्याच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे?

भाषण करू नका. प्रश्नाच्या नावाखाली दहा मिनिटे चळवळीचा इतिहास सांगितला की पुढच्या वेळी संयोजक माईक देत नाही. नेमका प्रश्न जास्त अस्वस्थ करतो.

विहारातही संवाद होऊ शकतो

आपल्या विहारांना मोठी संग्रहालये लागत नाहीत. जयंतीच्या मंडपाचे कमान-देखावे करणारा, बॅनर रंगवणारा, भिंतीवर बाबासाहेब काढणारा, बुद्धमूर्ती घडवणारा, लग्नाचे फोटो काढता काढता मोर्चाचे फोटो जपणारा माणूस प्रत्येक वस्तीत असतो. त्याला आपण हार घालतो, पण 'हे कसे केलेस, का केलेस' असे विचारत नाही. वर्षावासाच्या एका रविवारी, वंदनेनंतर एक तास त्याच्यासाठी ठेवता येईल. त्याचे काम भिंतीवर लावा. त्याला बोलू द्या. मोबाईलवर पूर्ण ध्वनिमुद्रण करा आणि तारीख, ठिकाण, नाव लिहून जपा. शक्य असेल तर मानधन द्या, थोडे का होईना. समाजाचे काम फुकट करायचे, ही सवय कलावंताला संपवते.

घरातल्या वस्तूंचीही नोंद करता येईल. दीक्षाभूमीवरून आणलेला पहिला फोटो, आजीचे जाते, मोर्चाची पत्रके, गायन पार्टीची वही. नागपूरजवळ चिचोली इथे वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या म्हणून आज आपण त्या पाहू शकतो. कुणीतरी पेटी उघडून ठेवली म्हणून इतिहास उरला. वस्तूसोबत तिच्या माणसाचे नाव लिहिणे, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

त्या दिवशी भायखळ्याहून परतताना त्या मुलीने वहीत बाहुलीचे चित्र काढले होते. खाली तिने आपल्या आजीचे नाव लिहिले. मी विचारले, "आजीचं का गं?" ती म्हणाली, "ताई, कुणाचं तरी लिहायला पाहिजे ना."

कार्ल्याच्या सुताराने आपले नाव दगडात लिहून ठेवले. त्या बाहुलीचे लिहायचे राहून गेले. पुढच्या वेळी आपल्यातला कुणी कलावंत संग्रहालयात बोलणार असेल, तेव्हा समोरच्या खुर्च्यांत आपण असायला हवे.